मार्लिसचं माप

विषयाचं नाव बदललं त्या वर्षी आर्लीन व्होंद्रा चांगलीच फणफणली होती. ती स्वतः शाळेत होती तेव्हापासून ज्याला सगळं गाव साधं 'गृहशास्त्र' म्हणायचं, त्याचं वरून आलेल्या हुकमाने 'कुटुंब आणि ग्राहक विज्ञान' झालं. "नाव एवढं लांबलं, पण ओव्हन मेले तेच राहिले," ती शिक्षकांच्या खोलीत म्हणायची. लिपा हायस्कूलमध्ये ती आता जुन्यातली जुनी बाई होती. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या त्या चेक लोकांच्या गावात अर्ध्या बायकांना पहिली सरळ टीप घालायला तिनेच शिकवलं होतं. वर्गात आता मुलगेही बसत, आणि त्यांचे केक मुलींपेक्षा बरे होत. तेही तिला फारसं पसंत नव्हतं.

एप्रिलमध्ये शिवणाचा भाग आला की धडं करायची, हा वर्गाचा जुना रिवाज. जुना टी-शर्ट घालून मुलगी ताठ उभी राहते. तिची जोडीदारीण तिच्या अंगाभोवती मानेपासून कुल्ल्यांपर्यंत चिकटपट्ट्यांचे थर चढवते, पाठीतून सरळ कापून ते कवच काढते, पुन्हा जोडते आणि लाकडी दांड्यावर बसवते. झालं धड. हुबेहूब तुमच्या मापाचं. त्याच्यावर कपडा बेतायचा. आर्लीनच्या वेळी गोंद लावलेला तपकिरी कागद पाण्यात बुडवून चिकटवत. आता मुली चंदेरी टेप वापरायच्या आणि कवच निघेपर्यंत घामाने भिजून जायच्या.

"नाव कुणाचं घालायचं, बाई?" क्रिस्टाने विचारलं. या पोरीला दर वर्षी विचारला जाणारा प्रश्न दर आठवड्याला विचारायची खोड होती.

"जिने केलं तिचं. आतल्या बाजूला, कमरेपाशी."

"म्हणजे शॅननने मला गुंडाळलं, तर माझ्या पोटावर शॅननचं नाव?"

"केकच्या डब्यावर खाणाऱ्याचं नाव घालतेस का? मार्क हातांना मिळतात, पोटाला नाही."

वर्ग हसला. मग दर वर्षीप्रमाणे आर्लीनने कपाटातून नमुन्याचं धड काढून टेबलावर ठेवलं. तपकिरी, कागदी, आत कमरेपाशी तिच्या कोवळ्या अक्षरात 'आर्लीन'. तिच्याच शेवटच्या वर्षातलं.

"बाई, तुम्ही एवढ्या बारीक होता?" मागून एक मुलगा म्हणाला.

"होते. मग तुझ्यासारख्यांना शिकवायला लागले आणि भूक वाढली."

तो विनोद ती दर वर्षी करायची.

त्याच दुपारी शाळेच्या ऑफिसात तिला फोन आला. एमा कूबिकचा. "मापाचा टेप घेऊन ये," म्हातारी म्हणाली. "आजच ये."

एमा म्हणजे मार्लिसची आई, गावातल्या बायकांचे कपडे शिवणारी. गाव तिला तेता म्हणायचं; आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. मार्लिस आणि आर्लीन एका वर्गात होत्या, एका मापाच्या होत्या, म्हणून तेव्हाच्या बाईंनी धडाच्या कामाला त्यांची जोडी लावली होती. एकसारख्या अंगाच्या मुली जोडीला असल्या की एकीचा कपडा दुसरीला घालून बघता येतो, असं त्या बाईंचं म्हणणं. दोघींची धडं झाली, वाळली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, वर्षअखेरीच्या फॅशन शोसाठी बेतलेल्या पोशाखाला लेस हवी म्हणून मार्लिस सकाळच्या बसने लिंकनला गेली. ती परत आली नाही. बसवाला म्हणाला, उतरली खरी. शेरिफ म्हणाला, पळाली असेल. बिअर हॉलमध्ये लोक तर ती ज्याच्याबरोबर पळाली त्या मुलाचं नावही सांगायला लागले. दर आठवड्याला वेगळं. मार्लिसचं वर्गातलं सामान शाळेने एमाकडे पोचवलं, आणि त्यात 'मार्लिस' लिहिलेलं ते धडही होतं.

एमाने ते बैठकीच्या खोलीत खिडकीशी उभं केलं. कापून ठेवलेला पोशाख तिने स्वतः पुरा केला, फिक्या पिवळ्या रंगाचा, लेस न लावताच. तो धडावर चढवला तर गळ्यापाशी ओढायला लागला. चार वेळा उसवून शिवला, तरी ओढतच राहिला. "कापतानाच चुकलं माझं," एमा म्हणाली आणि तो कपाटात टांगून टाकला. पुढच्या ईस्टरला तिने धडाच्या मापाने नवा शिवला. तो मात्र अंगाला चपखल बसला. तेव्हापासून दर ईस्टरला एक. मुलगी दारात उभी राहील तेव्हा तिला घालायला काहीतरी हवं ना.

आणि धड बदलायला लागलं ते त्यानंतर.

आर्लीनचं लग्न होऊन ती शाळेत शिकवायला लागली होती. एक दिवस एमाने तिला बोलावून घेतलं, आणि गेल्या वर्षीचा पोशाख धडाला कमरेत लागेना ते दाखवलं. "ओल लागून कागद फुगला असेल, तेता," आर्लीन म्हणाली. पण फुगला तो पोटातच, आणि महिन्यामहिन्याने. आर्लीन तेव्हा स्वतः रसेलच्या वेळची पोटुशी होती. टेप धरून वाकवतही नव्हतं. रसेल झाला, आणि एमाच्या खिडकीतलं पोटही उतरलं. जरासं सैल राहिलं, बाळंतिणीचं राहतं तसं. एमाने त्या दिवशी खसखशीची कोलाची, म्हणजे गोड सारणाचे छोटे पाव, भाजून गल्लीभर वाटली. "मी आजी झाले गं!" ती म्हणाली. "तुम्ही दोघी पहिल्यापासून सगळं बरोबरीनेच करायच्या." लोकांना वाटलं, बाई दुःखाने भ्रमिष्ट झाली. आर्लीनला मात्र तसं म्हणता येईना. माप तिने स्वतः घेतलं होतं.

मग दर वर्षी, ईस्टरच्या आधी, टेप घेऊन जायचं हे ठरूनच गेलं. धडाला वजन चढलं, पाठ वर भरली, छाती उतरली. बायकांची अंगं सगळीकडे एकाच वाटेने जातात, तेव्हा आर्लीनला त्यात नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते हवंसं वाटायचं. कुठेतरी डेन्व्हरमध्ये नाहीतर कॅलिफोर्नियात आपली मैत्रीण आपल्यासारखीच जाड होत चालली आहे, या विचाराने तिला बरं वाटायचं. भीतीही वाटायची. त्या खोलीत ती धडाकडे पाठ करून कधी बसली नाही.

आज एमा दारातच उभी होती. तिने आर्लीनला हाताला धरून खिडकीशी, धडापाशी नेलं.

"इथे हात लाव," ती म्हणाली.

डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, कागदाखाली काहीतरी कठीण होतं. वाटाण्याएवढं.

"आकार राहावा म्हणून आत कोंबलेल्या वर्तमानपत्राची घडी असेल, तेता."

"काढली मी सगळी. आतून हात घाल."

आर्लीनने हात घातला. आतून कागद गुळगुळीत होता. बाहेरून दाबलं की गाठ होती, आतून काहीच नव्हतं. तिने हात असा झटकन बाहेर काढला की दांडा हलला आणि धड तिच्याकडे वळलं.

"माझ्या बहिणीला अशीच होती," एमा म्हणाली. "मला कळतं ते. मार्लिसला सांगायला हवं, आर्लीन. डॉक्टरकडे जा म्हणावं. आत्ताच जा म्हणावं."

"कुठे सांगू मी, तेता?"

"ते तू शोध. तू शिकलेली आहेस. रेडिओवर दे, पेपरात दे. ती आईचं ऐकणार नाही, तुझं ऐकेल." आणि मग एकदम रडवेली होऊन म्हणाली, "इतकी वर्षं नाही आली तरी मी काही म्हटलं नाही. नको येऊ दे. पण जगू दे की तिला!"

आर्लीनने रेडिओवर द्यायचं कबूल केलं. दुसरं काय करणार? निघताना एमाने या वर्षीचा पोशाख तिच्या हातात दिला, निळसर करडा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. खालचा काठ तेवढा राहिला होता; शाळेतल्या मशीनवर तो न दिसणाऱ्या टाक्याने घालता यायचा. "आणि डाव्या बाजूची शिलाई आवळू नकोस," एमाने बजावलं. "तिथे मुद्दाम माया जास्त सोडलीय. तिला काचायला नको."

दुसऱ्या दिवशी आर्लीनने ओमाहाच्या एका रेडिओवाल्यांना फोन केला. पलीकडची मुलगी चांगल्या मनाची होती. निरोप काय द्यायचा, तिने विचारलं. मार्लिस कूबिक, जिथे असशील तिथे छाती तपासून घे? आर्लीनने "नंतर करते" म्हणून फोन ठेवला. मुलगी काय समजली असेल कोण जाणे.

शुक्रवारी मार्क देऊन झाले. शाळा सुटली, मुलं आपापली धडं काखोटीला मारून निघाली, आणि क्रिस्टा तोंड फुगवून टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"आता काय?" आर्लीन म्हणाली. तिच्या मांडीवर एमाचा पोशाख होता, काठाला टाचण्या लावलेल्या.

"बाई, मार्क मिळाले ना? मग आता माझं नाव लिहू? हे घरी घेऊन जाणार मी. माझी आई आत बघणार आणि विचारणार, ही शॅनन कशाला आणलीस घरी? शॅननच्या घरी माझं नाव जाणार. उद्या मी मेले तर माझी आई शॅननचं पोट कुरवाळत बसेल!"

"काहीतरी बोलू नकोस. जा, लिही तुझं नाव."

क्रिस्टा गेली. आर्लीनने टाचणी उचलली, आणि ती हातातच राहिली.

तिला ते नाव लिहिताना आठवत होतं. बोटं गोंदाने चिकट झाली होती, पेन कागदावर अडकत होतं, आणि बाई मागून म्हणत होत्या, जिने केलं तिचं. तिने 'आर्लीन' लिहिलं होतं. तिने जे केलं त्यावर. आणि तिने गुंडाळलं होतं मार्लिसला. मार्लिस गुदगुल्या होऊन हसत होती, "हलू नकोस गं" म्हणून आर्लीन ओरडत होती. मग मार्लिसने तिला गुंडाळलं. त्यावर मार्लिसने आपलं नाव घातलं. हाच नियम ती स्वतः इतकी वर्षं पोरांना घोकून घेत होती, आणि तिच्या डोक्यात तो एकदाही उलटा फिरला नव्हता.

ती उठली आणि कपाटाचं दार उघडलं. नमुन्याचं धड तिथे उभं होतं, खडूची धूळ खात. तिने टेप लावला. कंबर, छाती, खांदे. त्या वर्षी बाईंनी त्याच्या मानेवर पेन्सिलीने लिहिलेली मापं अजून तिथे होती, आणि टेप त्यांच्यावरच येऊन थांबत होता. एक सूतही फरक नाही. इतके उन्हाळे, इतकी ओल, छत गळलं तेव्हा तर महिनाभर हे कपाट भिजत होतं. यातलं काही त्या धडाला लागलं नव्हतं. ते सतरा वर्षांचंच होतं.

आर्लीनने वर्गाच्या दाराची कडी लावली. बाहेर लख्ख ऊन होतं, मैदानावर बेसबॉल चालला होता, आणि तिचे दात वाजत होते. तिने ब्लाउज आणि स्कर्ट काढून खुर्चीवर टाकला, टाचण्यांसकट एमाचा पोशाख डोक्यातून घातला आणि आरशासमोर उभी राहिली. तिला आयुष्यात कधी कुठलाच कपडा असा बसला नव्हता. पाठ भरली होती तिथे सैल, कमरेला बेताचा, उजवा खांदा जरासा उतरता होता तेवढाच उतरता. डाव्या बाजूला, काखेच्या खाली, थोडी जास्त माया. तिने तिथे हात नेला.

गाठ होती.

डॉक्टरांनी सांगितलं, लवकर आलात. "कशी लक्षात आली?" त्यांनी विचारलं. आर्लीन म्हणाली, "कपडा शिवताना." जून महिन्यात शाळा बंद झाल्यावर लिंकनच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गावाला सांगितलं, रसेलकडे राहायला जातेय. नवऱ्याला तिने सगळं सांगायचा प्रयत्न केला. फ्रँक भला माणूस, त्याने ऐकून घेतलं आणि तिची औषधं नीट बघितली.

हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिला आपल्या जिवापेक्षा एमाचीच काळजी लागून राहिली. एमाला काय सांगायचं? इतकी वर्षं जिचं पोट भरताना, सुटताना बघून म्हातारी जगली, ती मुलगी बसमधून उतरली त्याच दिवसांत कधीतरी संपली, असं? आर्लीन शिवणबाई होती. शिवलेलं एकदा उसवायला घेतलं की ते कुठपर्यंत उसवत जातं हे तिला ठाऊक होतं. तिने ठरवलं, सांगायचं नाही. म्हातारी किती दिवसांची सोबती? जाऊ दे तिला सुखाने. असं ठरवलं, आणि तिला झोप मात्र लागेना.

ती घरी आली त्याच आठवड्यात फोन आला. "टेप आण," एमा म्हणाली. नेहमीपेक्षा आवाज हलका होता.

आर्लीन गेली. सैल ब्लाउज घालून, वरून पातळ स्वेटर चढवून गेली. जुलैच्या उन्हात स्वेटर! बैठकीच्या खोलीत कोलाची मांडून ठेवली होती, जर्दाळूची. धड खिडकीशी होतं. डावी बाजू सपाट होती. कागद कुठे फाटला नव्हता, चिरला नव्हता. तिथे नुसती एक तिरकी, बारीक घडी पडली होती.

"गेली बघ ती डॉक्टरकडे," एमा म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "काढून टाकलं त्यांनी. पण बाकी बघ कशी ताठ उभी आहे. जगली गं माझी पोर! कुणी सांगितलं तिला? रेडिओ?"

"सांगितलं असेल कुणीतरी, तेता."

"तूच. तुझंच ऐकलं तिने." एमाने तिला जवळ ओढून कवटाळलं. म्हातारीचा हात तिच्या पाठीवरून बाजूला आला, स्वेटरवरून काखेच्या खाली गेला आणि थांबला. आयुष्यभर बायकांची मापं घेतलेला हात तो. त्याला स्वेटरने काय फसवणार?

एमा मागे सरली. तिने आर्लीनकडे बघितलं, मग धडाकडे. मग पुन्हा आर्लीनकडे, आणि उतरत्या उजव्या खांद्यापासून खाली सावकाश बघत गेली, गिऱ्हाइकाकडे बघायची तशी. आर्लीनला वाटलं, आता ही पडणार. तिने खुर्ची पुढे केली, पण एमा बसली नाही.

"तुझ्या वर्गात एक आहे ना?" तिने विचारलं. "कपाटात. तुझ्या नावाचं."

"आहे."

"केवढं झालंय ते?"

आर्लीनच्या तोंडात खोटं तयार होतं. हॉस्पिटलात तिने ते पाठ केलं होतं. पण म्हातारी अशी बघत होती की ते ओठांबाहेर येईना.

"होतं तेवढंच आहे, तेता," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "सतरा वर्षांचं. जराही बदललं नाही."

एमाने मान हलवली. ती खिडकीपाशी गेली आणि धडाच्या डाव्या बाजूला पडलेल्या घडीवरून अंगठा फिरवला, दुखू नये अशा बेताने. मग कपाट उघडलं. ईस्टरचे सगळे पोशाख ओळीने टांगले होते. तिने ते हँगरसकट काढून आर्लीनच्या हातांवर ठेवायला सुरुवात केली. "हे तुझे. तुलाच येतील. डावीकडे आत घेऊन देईन मी." हात भरले, कपाट रिकामं झालं, आणि शेवटी फिका पिवळा तेवढा एक राहिला. तो तिने काढला नाही.

"जा, तिला घरी आण," एमा म्हणाली. "इतकी वर्षं कपाटात एकटी आहे पोर."

शाळा उन्हाळ्याची बंद होती. शिपायाने कुलूप उघडून दिलं. आर्लीनने धड कपाटातून उचललं. ते इतकं हलकं होतं की तिचा जीव कळवळला. गाडीत मागे आडवं टाकवेना, म्हणून तिने ते शेजारच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला.

एमाने ते खिडकीशी उभं करू दिलं नाही. खोलीच्या मधोमध, आपल्या खुर्चीसमोर ठेवायला लावलं. पिवळा पोशाख तिने स्वतः त्याच्या मानेवरून घातला, पाठीचे हूक लावले आणि गळ्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं. तो कुठेच ओढत नव्हता.

"बघ," एमा म्हणाली. "माझं कापायला चुकलं नव्हतं."

मग तिने शिवणाच्या डब्यातून लेसची गुंडाळी काढली, सुईत दोरा ओवला आणि गळ्याला लेस लावायला बसली.